धंद्यावरची पकड सैल करताना: कामं सोपवण्याचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

मालक ठरवतो, आता प्रत्येक गोष्टीत लक्ष घालायचं नाही. सोमवारी चार कामं वाटून देतो. गुरुवारी एक चूक होते. शुक्रवारपर्यंत चारही कामं त्याच्याच टेबलावर परत आलेली असतात आणि आपल्याशिवाय इथे पान हलत नाही, हा समज आणखी पक्का होतो.

यात माणसांचा दोष क्वचित असतो. बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. काम दिलं जातं पण त्यातला निर्णय दिला जात नाही. निर्णय दिला तर मर्यादा सांगितलेली नसते. मर्यादा सांगितली तरी ती ओलांडली गेल्यावर आपल्याला कळणार कसं, याची सोय केलेली नसते. मग मन धास्तावतं आणि मालक दर अर्ध्या तासाने डोकावत राहतो. म्हणून खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने घ्या. पहिल्या चार पायऱ्यांत कोणालाही काहीच सोपवायचं नाही, आणि नेमका तिथेच लोकांचा धीर सुटतो.

हे सगळं स्थिरावलेल्या व्यवसायासाठी आहे: हाताखाली किमान तीन-चार माणसं आहेत आणि पगार वेळेवर होतात. महिना कसा निघेल याचीच चिंता असेल तर आधी ती मिटवा. तशा काळात सूत्रं हातात ठेवणंच योग्य.

उदाहरणासाठी एक छपाईचा व्यवसाय डोळ्यासमोर ठेवू. मालक असलेल्या मॅडम, प्रूफ (छपाईआधी ग्राहकाला दाखवायचा नमुना) तयार करणारी डिझायनर, मशीनवरचा ऑपरेटर आणि खरेदी-हिशेब बघणारे एक गृहस्थ.

## १. दोन आठवडे प्रश्नांची वही ठेवा

बहुतेक जण आपण काय काय कामं करतो याची यादी करतात. तिचा फारसा उपयोग नाही, कारण पकड दिसते ती निर्णयांत. लोक तुमच्याकडे काय विचारायला येतात ते लिहा. फोन, मेसेज, दारात उभं राहून विचारलेला प्रश्न, सगळं. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी हव्यात: कोणी विचारलं, काय विचारलं, तुम्ही काय उत्तर दिलं, आणि त्या माणसाला उत्तर आधीच माहीत होतं का.

छपाईच्या वहीतल्या तीन नोंदी अशा दिसतील:

- ऑपरेटर: ठरलेला कागद संपलाय, त्याच जाडीचा दुसऱ्या कंपनीचा चालेल का? उत्तर: चालेल. त्याला माहीत होतं: हो.
- डिझायनर: प्रूफ ग्राहकाला पाठवू का? उत्तर: थांब, मी बघते. तिला माहीत होतं: हो.
- हिशेब: पुरवठादाराने बँक खातं बदललंय, नव्या खात्यावर पैसे टाकू का? उत्तर: टाका. माहीत होतं: नाही.

तिसरी नोंद पुन्हा वाचा. जिथे थांबायला हवं होतं तिथे घाईत हो म्हटलं गेलं, आणि कागदाच्या जाडीसारख्या गोष्टीवर मात्र वेळ गेला. सगळ्यावर नजर ठेवणाऱ्या माणसाचं हे हमखास होतं: दिवसभरात इतके प्रश्न येतात की महत्त्वाचा प्रश्न वेगळा दिसतच नाही.

तपासा: दोन आठवड्यांनी "माहीत होतं: हो" अशा किती नोंदी आहेत ते मोजा. ही माणसं तुमच्याकडे ज्ञानासाठी येत नाहीत, चुकलं तर बोलणी बसू नयेत म्हणून येतात. ते बोलणी बसणं थांबत नाही तोवर पुढची एकही पायरी टिकणार नाही.

## २. भीती कागदावर उतरवा

ही पायरी लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त काम हीच करते. वहीतल्या प्रत्येक प्रकारच्या निर्णयासमोर प्रामाणिकपणे लिहा: हे मी सोडलं तर काय बिघडेल? "गोंधळ होईल" असं मोघम नको. "चुकीचा फोन नंबर असलेली पाच हजार पत्रकं छापून होतील" असं ठोस लिहा.

मग प्रत्येक भीतीला तीन प्रश्न विचारा. हे घडलं तर मला किती दिवसांत कळेल? निस्तरायला काय लागेल? आणि आधीच अडवायचं तर कोणती मर्यादा किंवा कोणती तपासणी पुरेल?

जिला मर्यादा किंवा तपासणी सापडते ती भीती खरी आहे आणि तिच्यावर उपायही मिळाला. फोन नंबराच्या भीतीवर उपाय म्हणजे मूळ मजकुराशी अक्षर न् अक्षर जुळवणं आणि ग्राहकाची लेखी मंजुरी. त्यासाठी मॅडमचेच डोळे लागत नाहीत.

काही ओळींसमोर मात्र काहीच लिहिता येत नाही. "माझ्यासारखं होणार नाही", "ग्राहकाला माझीच सवय आहे", "मग मी दिवसभर करू काय?" अशा ओळी खोडू नका, वेगळ्या कागदावर ठेवा. या धंद्याच्या अडचणी नाहीत, तुमच्या स्वतःच्या आहेत, आणि त्यात कमीपणा काही नाही. ज्याने वर्षानुवर्षं सगळं अंगावर घेऊन धंदा उभा केला त्याला हे वाटणारच. पण त्यांच्यासाठी माणसांना नियम लावू नका. नियम फक्त पहिल्या प्रकारच्या भीतीसाठी.

## ३. निर्णय चाळून घ्या

ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी २०१५ या वर्षासाठी भागधारकांना लिहिलेल्या पत्रात निर्णयांचे दोन प्रकार मांडले होते: एकदा आत गेलं की परतता न येणारे दरवाजे, आणि मागे फिरता येईल असे दरवाजे. चाळणी म्हणून हे उत्तम आहे. त्यात नुकसान किती हा दुसरा निकष घाला आणि ढीग करा.

परत फिरता येतं आणि नुकसान किरकोळ: हे सगळ्यात आधी सोडायचे. कागदाची कंपनी, कामांचा रोजचा क्रम, सुट्ट्यांची अदलाबदल.

परत फिरता येतं पण नुकसान मोठं: मर्यादा घालून सोडायचे. सवलत, खरेदी, ग्राहकाला दिलेली तारीख.

परत फिरता येत नाही पण नुकसान लहान: तपासयादी देऊन सोडायचे. प्रूफची मंजुरी या ढिगात येते. छोटं काम असेल तर पुन्हा छापून देता येतं, मात्र कागद वाया गेला तो गेला.

परत फिरता येत नाही आणि नुकसानही मोठं: हे तुमच्याकडेच राहतील. कर्ज, भागीदारी, जागेचा दीर्घ करार, महत्त्वाच्या पदावरची नेमणूक, कोणाला कामावरून काढणं. कर भरणं आणि कायदेशीर कागदपत्रं भरण्याचं काम दुसऱ्याकडे देता येतं, जबाबदारी मात्र तुमचीच राहते. त्यामुळे शेवटची तारीख आणि भरल्याची पावती तुमच्या नजरेखालून गेलीच पाहिजे.

सावधान: चौथ्या ढिगात निम्म्याहून जास्त नोंदी पडल्या असतील तर चाळणी पुन्हा करा. भीतीने हात चालवलाय.

## ४. पैशांच्या वाटा आधी बंदिस्त करा

विश्वास आहे म्हणून तपासणी नको, ही चूक भल्या माणसांकडूनच होते. तपासणी नसली की प्रामाणिक माणसावरही उद्या संशय येऊ शकतो आणि तो खोडून काढायला त्याच्याकडे काही नसतं. तपासणी त्याच्याही भल्याची असते. हे त्याला याच शब्दांत सांगा.

किमान एवढं हवं:

- बँकेत पैसे पाठवण्याची नोंद एकाने करायची, मंजुरी दुसऱ्याने द्यायची. बहुतेक बँकांच्या व्यावसायिक खात्यांत अशी दुहेरी व्यवस्था लावून मिळते.
- ज्याने माल मागवला त्यानेच माल मोजून घ्यायचा आणि त्यानेच बिल मंजूर करायचं, असं होऊ द्यायचं नाही. तीन माणसं नसतील तर निदान दोन.
- पुरवठादाराने खातं बदलल्याचं कळवलं तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची. त्या मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. फसवणुकीचा हा फार वापरला जाणारा मार्ग आहे.
- बँकेचं स्टेटमेंट आणि हिशेबाच्या वहीतली शिल्लक दर आठवड्याला जुळवायची, आणि ती पैसे पाठवणाऱ्याने जुळवायची नाही.
- प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. एकच पासवर्ड चौघांत असेल तर कोणी काय केलं हे कधीच कळत नाही.

ओटीपीकडेही बघा. निम्म्या सेवा मालकाच्या मोबाईल नंबरवर नोंदवलेल्या असतात. अधिकार देऊन झालेले असतात, पण कुरिअर बुक करायचं तरी "मॅडम, ओटीपी सांगा" असा फोन येतो. अशा सेवांची यादी करा आणि बँकेशी संबंध नसलेल्या सगळ्या सेवा कार्यालयाच्या नंबरवर किंवा ज्याच्या त्याच्या लॉगिनवर हलवा. बँकेचा ओटीपी मात्र फोनवर कोणालाही सांगायचा नाही, आपल्या माणसालाही नाही. मंजुरी देणाऱ्याचं स्वतंत्र लॉगिन असलं की ती वेळच येत नाही.

तपासा: उद्या तुमचा फोन दिवसभर बंद राहिला तर कोणतं काम निव्वळ ओटीपीपायी अडेल? उत्तर "एकही नाही" असेल तरच पुढे चला.

## ५. एक काम, एक माणूस

आता सोपवायला सुरुवात, आणि तीही एकाच कामापासून. एकदम चार दिली आणि काही बिघडलं तर नेमकं कशामुळे बिघडलं हे कळत नाही.

माणूस निवडताना सगळ्यात आज्ञाधारक माणसाकडे हात जातो. थांबा. जो प्रत्येक गोष्ट विचारून करतो तो उद्याही विचारूनच करेल. वही उघडा. "माहीत होतं: हो" ज्याच्या नावापुढे जास्त वेळा आलंय तो निवडा. त्याला आत्ता हाताशी वेळ आहे का तेही बघा, नाहीतर बक्षीस म्हणून दिलेलं काम शिक्षा होऊन बसतं. जबाबदारी वाढली की मोबदल्याचं बोलणं आज ना उद्या निघणारच, ते तुम्ही आधी काढलेलं बरं.

छपाईत पहिलं काम म्हणून प्रूफ मंजूर करणं डिझायनरकडे जातं.

## ६. शिकवा आणि तपासयादी त्यांनाच लिहू द्या

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतल्या नवख्या कामगारांना लवकर तयार करण्यासाठी टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) नावाचा सरकारी कार्यक्रम चालला. त्यातली शिकवण्याची चार टप्प्यांची पद्धत आजही तशीच वापरता येते. आधी समोरच्याची तयारी करा आणि त्याला कितपत येतं ते विचारा. मग काम करून दाखवा, मुख्य मुद्दे आणि त्यामागची कारणं सांगत. मग त्याच्याकडून करून घ्या आणि तो करत असताना कारणं त्याच्याच तोंडून ऐका. शेवटी एकट्याने करू द्या, अडलं तर कोणाला विचारायचं ते सांगा आणि लक्ष हळूहळू कमी करत जा.

चुका तिसऱ्या टप्प्यावर होतात. समोरचा करत असताना मालक माऊस हातातून घेतो. हात मागे बांधून उभं राहावं लागलं तरी चालेल, पण माऊस घेऊ नका.

तपासयादी शिकणाऱ्यालाच लिहायला लावा. तुम्ही लिहिलीत तर तुम्हाला सवयीने दिसणाऱ्या गोष्टी त्यात येणारच नाहीत. प्रूफची यादी अशी तयार होईल:

- नाव, फोन नंबर, पत्ता, तारीख ग्राहकाने दिलेल्या मूळ मजकुराशी जुळवलं.
- छापून-कापून तयार होणारा आकार जॉब कार्डाशी (कामाचा तपशील लिहिलेल्या कागदाशी) जुळतो.
- चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई) आहे.
- फोटो प्रत्यक्ष छापायच्या आकारात ३०० डीपीआयचे (दर इंचाला ३०० ठिपके) आहेत.
- रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या पद्धतीत) आहेत.
- ग्राहकाची लेखी मंजुरी आली. फोनवरचं "हो, चालेल" धरायचं नाही.

सहा ओळी पुरतात. तीस ओळींची यादी कोणी वाचत नाही, नुसत्या खुणा करत सुटतात.

सावधान: "फॉन्ट मला आवडेल असा हवा" ही ओळ यादीत घुसवू नका. ग्राहकाने मंजूर केलेलं काम तुमच्या आवडीचं नसलं तरी ते बरोबरच आहे.

## ७. अधिकार पायरीपायरीने द्या

"आता तूच बघ" हे वाक्य टाळा. ऐकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. अधिकाराच्या पाच पायऱ्या ठरवा आणि कोणत्या कामात कोण कोणत्या पायरीवर आहे ते लिहून भिंतीवर लावा.

पहिल्या पायरीवर माणूस माहिती आणतो, निर्णय तुमचा. दुसरीवर तो पर्याय आणि स्वतःची शिफारस आणतो. तिसरीवर "मी असं करणार आहे" असं आधी सांगतो आणि तुम्ही अडवलं नाही तर करतो. चौथीवर करून मग कळवतो. पाचवीवर करतो, तुम्हाला महिन्याच्या आकड्यांत दिसतं.

खरी कसोटी तिसऱ्या पायरीची. अमेरिकन नौदलातले कॅप्टन डेव्हिड मार्के यांनी १९९९ मध्ये सांता फे या अणुपाणबुडीची सूत्रं हाती घेतली, तेव्हा परवानगी मागण्याऐवजी आपण काय करणार आहोत ते सांगायची सवय त्यांनी अधिकाऱ्यांना लावली. सांगायचं म्हटलं की माणसाला आधी विचार करावा लागतो. विचारायचं म्हटलं की तो विचार तुमच्यावर ढकलला जातो.

ऐकायला फरक असा वाटतो. आधी: "मॅडम, ते ग्राहक ८ टक्के सवलत मागतायत, काय करू?" आता: "मॅडम, ते ८ टक्के मागतायत. माझी मर्यादा ५ टक्क्यांची आहे. आगाऊ पैसे दिले तर ५ देतो असं मी चार वाजता कळवणार आहे." यावर तुम्ही म्हणायचं, "ठीक." आणखी एक चांगली सूचना सुचली तरी गिळायची. थोड्या जास्त चांगल्या सूचनेसाठी समोरच्याचा निर्णय हिरावून घेतला जातो, हा सौदा परवडत नाही.

मर्यादा नेहमी मोजता येईल अशी द्या. "जपून खरेदी करा" ही मर्यादा नव्हे. "एका वेळी दोन आठवड्यांच्या वापराइतकाच कागद, आणि आधीच्या दरापेक्षा ३ टक्क्यांहून जास्त वाढ असेल तर सांगा" ही मर्यादा.

तपासा: त्या माणसाला विचारा, "कोणत्या तीन वेळी तुम्ही मला विचारलंच पाहिजे?" उत्तर अडखळत आलं तर मर्यादा पोचलेलीच नाही.

## ८. चोरवाटा बंद करा

आता दोन्ही बाजूंनी गळती सुरू होते. माणसं सवयीने तुमच्याकडे येतात आणि जुने ग्राहक थेट तुम्हाला फोन करतात.

माणसांसाठी एक वाक्य तयार ठेवा: "हे तुमच्या पायरीवर आहे. तुम्ही काय ठरवलंय?" त्यापुढे गप्प बसा. ती शांतता अवघड वाटते, पण उत्तर तिच्यातूनच येतं.

ग्राहकांशी ओळख तुम्ही स्वतः करून द्या, आणि "माझ्या वतीने बघतील" असं म्हणू नका. "प्रूफचं काम आता या बघतात, मंजुरी त्यांच्याकडेच द्या" असं सांगा. तरी फोन आलाच तर उत्तर न देता जोडून द्या. एकदा जरी परस्पर सूट दिलीत की त्या ग्राहकाच्या लेखी तुमच्या माणसाची किंमत संपली.

## ९. चूक होईल तेव्हाचा क्रम

होणारच, बहुधा पहिल्या महिन्यातच. समजा चुकीच्या तारखेची पत्रकं छापून झाली. आधी ग्राहकाचं काम निस्तरायचं, आणि शक्यतो त्याच माणसाने तुमच्या पाठबळावर. त्या दिवशी कारणमीमांसा नको. दुसऱ्या दिवशी शांतपणे बसून बघायचं: त्याला माहीत नव्हतं, जमलं नाही, की माहीत असून टाळलं?

माहीत नव्हतं तर तपासयादीत ओळ वाढवा. जमलं नाही तर पुन्हा शिकवा, हवं तर एक पायरी खाली या आणि परत वर कधी जायचं ती तारीख तिथेच ठरवा. माहीत असून टाळलं, आणि तेही दुसऱ्यांदा, तर मात्र काम काढून घ्या. तो मुद्दा शिकवण्याचा राहिलेला नाही.

काम पूर्ण काढून घेण्याचा मोह सगळ्यांत जास्त इथे होतो. त्या एका कृतीतून बाकीची माणसं शिकतात की चूक लपवलेली बरी. टोयोटाच्या कारखान्यात कोणताही कामगार दोरी ओढून किंवा बटण दाबून अडचण कळवू शकतो आणि ती वेळेत सुटली नाही तर उत्पादनाची लाइन थांबते. तिथे वाईट बातमी लवकर येणं हीच सोय मानतात. तुमच्याकडे चूक कळवायला आलेल्या माणसाला पहिलं वाक्य काय ऐकू येतं, यावर पुढच्या चुका कळणार की नाही हे ठरतं. "बरं झालं लगेच सांगितलंत" हे ते वाक्य असू द्या, कितीही संताप आलेला असो.

## १०. डोकावणं बंद, आढावा सुरू

आठवड्यातून एक ठरलेला दिवस, अर्धा तास, चार-पाच आकडे. छपाईत: वेळेवर गेलेली कामं, पुन्हा छापावी लागलेली कामं, वाया गेलेला कागद, दिलेली सरासरी सवलत, थकलेली येणी. त्यासोबत पूर्ण झालेल्या कामांतली दोन-तीन जॉब कार्डं न सांगता उचलून पूर्ण तपासा. यातून जे कळतं ते रोजच्या डोकावण्यातून कळत नाही, कारण डोकावताना समोर असतं तेवढंच दिसतं.

मधल्या दिवसांत हात शिवशिवतील. मनात आलेला प्रश्न लिहून ठेवा आणि आढाव्यात विचारा. तोवर निम्म्यांची उत्तरं मिळालेली असतात. वाट बघणं धोक्याचं असेल अशा गोष्टी मात्र आधीच ठरवून सगळ्यांना सांगा: अपघात किंवा आग, पैशांची अफरातफर, मोठा ग्राहक सोडून जाण्याची शक्यता. यांसाठी रात्रीसुद्धा फोन यायला हवा.

## ११. गैरहजर राहून बघा

आधी एक दिवस, मग तीन, मग पूर्ण आठवडा. फोन एकाच माणसाकडून घ्यायचा आणि तोही वरच्या तीन कारणांसाठीच. कॅमेऱ्याचं ॲप मोबाईलवरून काढून टाका. लांब बसून कॅमेऱ्यातून बघत राहिलात तर तुम्ही गेलेलाच नाहीत, आणि हे माणसांना लगेच कळतं.

परत आल्यावर पहिल्या तासात काय करता याला फार महत्त्व आहे. घेतलेले निर्णय फिरवू नका, अगदी न पटलेलेही, जोपर्यंत ते मर्यादेत आहेत. आधी त्यांना विचारा: कुठे अडलं? कोणता निर्णय घ्यायला भीती वाटली? कोणती मर्यादा कमी पडली? या तीन उत्तरांवरून मर्यादा आणि तपासयाद्या दुरुस्त करा. मगच या क्रमातल्या पाचव्या पायरीवर (एक काम, एक माणूस) परत जाऊन दुसरं काम दुसऱ्या माणसाकडे द्या.

सहा महिन्यांनी पुन्हा दोन आठवडे प्रश्नांची वही ठेवा. तेव्हाही तेच ते प्रश्न येत असतील तर प्रत्येकासमोर कारण लिहा: मर्यादा धूसर आहे, माणूस अजून धास्तावलेला आहे, की मधल्या काळात विचारल्यावर तुम्ही उत्तर देऊन टाकलंत? तिसरं कारण ज्या ओळींसमोर येईल त्यांच्यासाठी आठव्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा.